छप्पर उतरवण्याआधी

मु. पो. करंजखोल, ता. मालवण
१२ नोव्हेंबर २०२५

चि. यज्ञेश यास,

तायचे अनेक आशीर्वाद. श्रियाला आणि आरोहीलाही सांग. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. थंडी पडायला लागली की आबांचा गुडघा कुरकुरतो, बाकी आवाज खणखणीत आहे. काल त्यांनी पडवीतून दूधवाल्याला हाक मारली ती तिठ्यावर ऐकू आली, असं शेजारची हौसाबाई सांगत होती. भात कापून, झोडून झालं. गवताची उडवी रचून झाली. गाय ठीक आहे.

पत्रास कारण की, फोन तू कापतोस. ‘आबा’ हा शब्द माझ्या तोंडून निघाला रे निघाला की सावंतवाडीची रेंज जाते. पत्राचं बरं असतं, ते मध्येच कापता येत नाही. फाडता येतं म्हणा. पण फाडलंस तर मी दुसरं पाठवीन. मी पोस्टात बसते, माझ्याकडे तिकिटांना तोटा नाही.

तर सरळ मुद्द्यावर येते. वादळात टिकतील अशी घरं करायला आपल्या किनाऱ्यावरच्या गावांना सरकार अनुदान देतंय. नवं घर नाही, आहे तेच घट्ट करायचं. ओरोसच्या ऑफिसात सत्यवान परब म्हणून एकजण आहेत, त्यांच्याकडून मला कळलं. घर आबांच्या नावावर, म्हणून अर्जही त्यांच्याच नावाने केला. सही त्यांनी केली. कशावर करतोय ते मी सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि नंतर दोन दिवस माझ्याशी भांडले.

तौक्ते वादळानंतर आपलं घर कसं उभं आहे ते तुला ठाऊक नाही, कारण तू बघायला आला नाहीस. अर्ध्या घरावर वाचलेली कौलं जुन्याच वाशांवर परत बसवली. उरलेल्या अर्ध्यावर पत्रे आहेत आणि पत्र्यांवर चिरे ठेवलेत. वारा जरा वाढला की पत्रे वाजतात आणि आबा कूस बदलतात. भीती वाटते असं ते कबूल करणार नाहीत. मला वाटते, मी कबूल करते.

इंजिनिअर लोकांनी सांगितलंय ते असं. भिंती चिऱ्याच्या आहेत, त्या चांगल्या आहेत. त्यांच्या माथ्यावर चारी बाजूंनी सिमेंट-सळीचा पट्टा ओतायचा. वासे त्या पट्ट्याला लोखंडाने आवळायचे, कौलं तारेने बांधायची. आणि पडवीचं छप्पर मोठ्या छपरापासून सुटं करायचं, म्हणजे वारा पडवीत घुसला तर पडवी नेईल, घर राहील. हे ऐकून आबा म्हणाले, “म्हणजे वाऱ्याक पडवी देवन टाकूची?” मी म्हटलं, “मगे? पावणो इलो तर आपण पडवेतच बसवतो मां?” हसू आलं होतं त्यांना. मिशीत दाबलं.

अडचण पुढे आहे. हे करायचं तर सगळं छप्पर उतरवावं लागतं. महिना-सव्वा महिना घराला माथा असणार नाही. मी हौसाबाईकडे झोपेन. पण आबांना थंडीत उघड्यावर ठेवता येणार नाही, आणि ते समोर बसले तर सुतारांना काम करू देणार नाहीत ही वेगळीच कथा. तेवढे दिवस त्यांना तुझ्याकडे ठेवून घे. माझं मागणं एवढंच आहे.

ते यायला तयार आहेत का? नाहीत. “मी खंयच जावचंय नाय,” हे रोज सकाळी चहाबरोबर ऐकते. वरून त्यांचा एक मोठा मुद्दा आहे. गावाचं गाऱ्हाणं देवापुढे घालायचा मान आपल्या घराकडे. सगळ्यांच्या वतीने उभं राहून देवाकडे मागायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ते म्हणतात, “वर्सानवर्सा मी देवाक सांगतंय, गावाची राखण कर. आणि माझ्याच घराक मी लोखंडान आवळूचा? मगे माझ्या गाऱ्हाण्याचो अर्थ काय रवलो?” मी विचारलं, “होडयेसाठी गाऱ्हाणा घालतास मां? मगे होडी खुट्याक बांधू नको असा सांगतास काय?” यावर ते उठून गोठ्यात गेले. तुझं नाव काढलं तरी गोठ्यातच जातात. त्या गायीला आपल्या घरातलं सगळं माहीत आहे.

वादळाच्या दिवशी तू त्यांना पाठीवर घालून शाळेत आणलंस ते अगदी बरोबर केलंस. मागाहून छप्पर गेलं आणि माथ्याची तुळई, ती जड भाल, आडवी त्यांच्या खाटेवर पडली, ती सगळ्या वाडीने बघितली. पण शाळेत, त्याच सगळ्या वाडीसमोर, तू त्यांना म्हणालास, “आता घाला गाऱ्हाणा, बघूया छप्पर परत येता काय.” ते बोलायचं काही अडलं नव्हतं. तू खरा ठरलास हे त्यांना तुझ्या बोलण्याआधीच कळलं होतं.

तेव्हापासून तुम्ही दोघं गप्प आहात आणि मी दोघांचं बोलते आहे. आता मला कंटाळा आला.

काम पावसाच्या आत व्हायला हवं. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणू नकोस. मला पुढचं वर्ष नको आहे. का, ते आता विचारू नकोस.

उत्तर आलं नाही तरी पुढचं पत्र लिहायला बसणारी,
तुझी ताय


मु. पो. करंजखोल
६ डिसेंबर २०२५

चि. यज्ञेश यास,

आशीर्वाद. सगळे मजेत असाल. आरोहीच्या शाळेचं संमेलन झालं का? फोटो श्रियाकडून आले, तुझ्याकडून नाही, पण चालेल.

तुझं उत्तर मिळालं. मोबाइलवर, एका ओळीचं. ‘त्यांना यायचं असेल तर त्यांनी सांगावं.’ मी ते आबांना वाचून दाखवलं. त्यांनी गायीच्या पाठीवरून हात फिरवत सांगितलं, “त्येका व्हया असात तर त्येना सांगाचा.” धन्य आहात. ही दोन वाक्यं कोणा परक्याला दिली तर बाप कुठला आणि मुलगा कुठला हे त्याला ओळखता येणार नाही.

मी मात्र थांबलेली नाही. फाइल पुढे सरकली. आता जागेवर येऊन पाहणी होणार. दीपेश म्हणून एक तरुण इंजिनिअर आहे, मसुऱ्याचा. तो येणार, घर बघणार, घरमालकाला घरासमोर उभं करून फोटो काढणार. काम सुरू करण्याआधीचा तो फोटो संगणकावर चढला की पहिला हप्ता मंजूर. नाही चढला तर अर्ज पुढच्या वर्षीच्या ढिगात. मुदत अगदी तोंडावर आली आहे. मी त्याला शुक्रवार दिलाय, शनिवारी रात्री ते सगळं बंद होतं.

तुझ्या कपाळावरची आठी मला इथून दिसते. होय, या वर्षी आपली गावपळण आहे. मंगळवारी दुपारी गाव निघणार. चुली विझवून, दारं ओढून, गुरं, कोंबड्या, कुत्री, तान्ही पोरं, सगळं घेऊन शिवेबाहेर. तीन रात्री तिकडे काढायच्या आणि शुक्रवारी सकाळी देवाने उजवा प्रसाद देऊन हो म्हटलं की घरी. म्हणून तर शुक्रवार दिला. सकाळी परत, दुपारी फोटो. हिशेब साधा आहे.

हौसाबाई म्हणाली, “गो बाये, देव शुक्रवारीच सोडतलो ह्या तू खंय लिवन घेतलंस?” मी म्हटलं, मागच्या दोन्ही खेपांना तीन रात्री झाल्या की लगेच सोडलं होतं. ती म्हणाली, “सोडल्यान होता, सांगल्यान नाय होता.” तिचं तोंड असंच आहे.

आणि आबांचा उत्साह काय सांगू. ओढ्यापलीकडच्या माळावर आपली झोपडी कुठे घालायची यावरून चार दिवस बैठक. माडाची झापं स्वतः निवडली. कंदील, घोंगडी, पानसुपारीचा डबा, सगळं काढून दारात मांडलंय. वादळाच्या वेळी पोलीस, तलाठी, सरपंच दारात उभे होते तरी जो माणूस खाटेवरून हलला नाही, तोच हा. मी म्हटलं, “आबा, कलेक्टर सांगता तेव्हा हलणास नाय, आणि देव सांगता तेव्हा सगळ्यांच्या आधी?” ते म्हणाले, “कलेक्टर बदलता.”

फाइल वेळेवर पुढे गेली ती परबांमुळे. सत्यवान, मागच्या पत्रात लिहिलं होतं ते. कोणाचं काही न घेता, कोणावर न ओरडता काम करून घेतात. बोलणं कमी, चहा कडक. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, पण घर एकदम नीट ठेवलंय. क्वार्टरच्या गॅलरीत अबोली काय फुललीय! आपल्या दारच्या खळ्यात एवढी कधी आली नाही. हे मी तुला का लिहितेय कोण जाणे.

माझी एवढी घाई कशासाठी, असं श्रियाने फोनवर विचारलं. मी सांगितलं, पावसाळा कोणासाठी थांबत नाही. ते खरं आहे. तेवढंच खरं आहे असं नाही.

आबांना कुठे ठेवायचं तो प्रश्न जिथल्या तिथे आहे. माळावरून आल्यावर बघते. देव, सरकार आणि सुतार या तिघांना मी एका रांगेत आणलंय, तुम्हा दोघांना आणायला कितीसा वेळ लागणार?

सामान बांधायला उठते.
तुझी ताय


मु. पो. करंजखोल
१७ जानेवारी २०२६

चि. यज्ञेश,

आशीर्वाद. हे पत्र जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाच. मध्ये ठेवून देऊ नकोस.

आधी चांगली बातमी. अनुदानाचा पहिला हप्ता आला. सोमवारी सुतार येताहेत. चिरे, सळ्या, लोखंडी पट्ट्या खळ्यात येऊन पडल्यात आणि हौसाबाईच्या कोंबड्या त्यांच्यावर बसतात.

आता ते कसं झालं ते ऐक. कोणीतरी तुला अर्धवट सांगितलंच असेल.

तीन रात्री माळावर मजेत गेल्या. तुला आठवत असेल तशाच. पोरांचा धिंगाणा, दिवसभर भजनं, एकाच्या चुलीवरचं दुसऱ्याच्या पानात. आबांचा खोकला तिकडे पार गेला. उघड्या माळावर, झापांच्या झोपडीत! मी मनात म्हटलं, हाच माणूस मला सांगतो की घर सोडलं तर मी मरेन.

शुक्रवारी सकाळी मानकऱ्यांनी प्रसाद लावला. आम्ही सगळे बोचकी बांधून तयार. माझ्या डोक्यावर तर पातेल्यांचं गाठोडं चढलं होतं. आणि देवाने उजवा दिला नाही. आणखी एक रात्र बाहेर.

लोकांनी गाठोडी उतरवली, चहा ठेवला. कोणाला काही वाटलं नाही. मी तिथेच गवतात बसले. हौसाबाईने चहाचा पेला आणून माझ्या हातात दिला, एवढे तिचे उपकार.

दुपारी दीपेश मोटरसायकलवरून आला. बरोबर वेळेवर. मी त्याला ओढ्याजवळ गाठलं आणि सगळं सांगितलं. तो माझ्याशी कागदावरचं मराठी बोलायला लागला. “मॅडम, नियमाप्रमाणे लाभार्थी घरासमोर उभा असायला हवा. मी एकटा जाऊन रिकाम्या घराचा फोटो काढला तर तो ग्राह्य धरला जाणार नाही.” मी म्हटलं, देवाने सोडल्याशिवाय माझ्या वडिलांना शिवेच्या आत नेणार कोण? तो म्हणाला, “तेही मला समजतं, मॅडम. पण माझ्याही हातात नाही.” त्याचा काही दोष नव्हता. तारीख मी दिली होती, देवाला न विचारता.

मी रडले रे. सगळ्या माळासमोर. वादळात नाही, आईच्या वेळी सुद्धा लोकांसमोर नाही, आणि एका फोटोसाठी रडले. दीपेश घाबरला. त्याने पाण्याची बाटली काढून दिली.

आबा लांबून बघत होते. ते काठी टेकत आले. दीपेशला विचारलं, “उद्या रातीपर्यंत आसा मां?” तो म्हणाला, आहे, पण उद्या सुट्टी आहे. आबांनी मान हलवली, गावाकडे तोंड केलं, टोपी सारखी केली आणि हात जोडले. लोकांना कळलं. भजन थांबलं, बायका झोपड्यांतून बाहेर आल्या.

त्यांनी घातलेलं गाऱ्हाणं मी तुला जसंच्या तसं लिहिते आहे. मला ते पाठ झालंय.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज हो तुझो सगळो गाव पोराबाळांसकट, गुराढोरांसकट तुझो शबुद राखून शिवेभायर रवलो आसा.”

व्हय म्हाराजा!

“तू आणि एक रात रव म्हणतंस, तां आमका मान्य आसा.”

व्हय म्हाराजा!

“पण माझ्या चेडवान सरकारच्या माणसाक आजचो वायदो दिल्यान. तुका इचारुक नाय, ही तिची चूक. ती चूक तिच्या पदरात घालू नको, माझ्या माथ्यार घाल.”

व्हय म्हाराजा!

“ता घर ती आपल्यासाठी बांधणा नाय म्हाराजा. म्हाताऱ्या बापाशीसाठी बांधता. ती आता आपल्या घराक जातली. ती माका सांगना नाय, पण माका दिसता. तिच्या वाटेत जा काय आडवा येता, ता माझा म्हातारपण असांदे, नायतर माझो हट्ट असांदे, ता तू बाजूक कर.”

इथे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं सगळे विसरले. लोक माझ्याकडे बघायला लागले. मग एकटी हौसाबाई ओरडली, “व्हय म्हाराजा!” आणि तिच्यामागून सगळे.

यज्ञेश, मी त्यांना एका शब्दाने सांगितलं नव्हतं. कसं कळलं त्यांना? मी ओरोसहून आले की गुणगुणते, असं ते नंतर म्हणाले.

मला वाटलं संपलं. पण ते थांबले नाहीत. आवाज मात्र खाली आला, एवढा की मागचे लोक पुढे सरकले.

“आणि म्हाराजा, माझो एक झील सावंतवाडीक आसा. वादळाच्या दिवशी त्येना माका पाठीर घेवन भायर काढल्यान. छप्पर गेला, मी रवलंय. तेव्हा मी गावाक सांगलंय, माका देवान राखल्यान. मी खोटा बोललंय म्हाराजा. माका माझ्या झिलान राखल्यान. त्येका तू धाडलंस असशीत तर ता तुका म्हायत. पण मी त्येचा नाव घेवक नाय. आज सगळ्या गावासमोर घेतंय. यज्ञेश त्येचा नाव. खंयव असांदे, त्येची राखण कर.”

त्या वेळचा ‘व्हय म्हाराजा’ तुला सावंतवाडीत कसा ऐकू आला नाही, याचंच मला नवल वाटतं. दीपेश सुद्धा ओरडला. हेल्मेट हातात धरून, अगदी मनापासून.

प्रसाद पुन्हा लावला नाही. देवाला एका दिवसात दोनदा विचारत नाहीत. दीपेशने मोटरसायकल चालू केली आणि या खेपेला मॅडम वगैरे सगळं विसरून म्हणाला, “ताय, मी उद्या सकाळी येतंय. सुट्टी आसा तर आसा. तुमचो देव सोडीसर ओढ्यार बसान रवतंय. माझो आजो मसुऱ्याच्या जत्रेत असोच गाऱ्हाणा घाली.” आणि खरंच आला. बरोबर डबा घेऊन आला.

शनिवारी सकाळी देवाने सोडलं. आबा सगळ्यांच्या पुढे चालत घरी आले, दार उघडायच्या आधीच घरासमोर उभे राहिले आणि दीपेशला म्हणाले, “काढ रे.” फोटोत ते असे ताठ आहेत की मागचं घर वाकडं वाटतं. फोटो दुपारीच चढला.

घरात आल्यावर मी विचारलं, “आबा, छप्पर उतरवल्यार तुम्ही रवतलास खंय?” ते गायीला पाणी दाखवत होते. म्हणाले, “सावंतवाडीक. गावासमोर त्येचा नाव घेतलंय, आता तोंड दाखवक नको?” मी लोखंडाबद्दलही विचारलं. एवढी वर्षं राखण मागितली त्याचं काय, असं. बादली खाली ठेवून म्हणाले, “राखण करूक देव माणसांकच धाडता. मी वर बघीत रवलंय.” तेव्हापासून वाशांना पट्ट्या कुठे येणार ते तेच शेजाऱ्यांना समजावून सांगतात, आणि बऱ्यापैकी चुकीचं सांगतात.

आता माझं. आबांनी गावाला सांगितलं, तुला मीच सांगायला हवं होतं. मी लग्न करते आहे. सत्यवानशी, मे महिन्यात, ओरोसला. मांडव नाही, वाजंत्री नाही, तू हवास. एक्केचाळिसाव्या वर्षी हे कोणी सुचवलं, असं लोक विचारतील. कोणी नाही सुचवलं. मला तो आवडतो. त्याने मला दोन वर्षांपूर्वी विचारलं, मी म्हटलं, माझ्या घरावर पत्रे आहेत आणि पत्र्यांखाली माझे वडील आहेत, मी कशी येऊ? दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. तो म्हणाला, आपण आधी छपराचं बघू. मग त्याने ही योजना शोधून काढली.

म्हणून मला पुढचं वर्ष नको होतं. मी ओरोसला असताना इकडे वारा सुटला तर आबांच्या अंगावर भाल पडणार नाही, एवढी खात्री मला बरोबर न्यायची होती. आणि तू मधूनमधून या घरात येशील, हीसुद्धा. लोखंडाच्या पट्ट्या वासे धरून ठेवतील. आबांशी बोलायला कोणीतरी लागेल ना? मी गेल्यावर ते रोज गायीशीच बोलणार का?

मी जाते आहे याचं मला वाईट वाटत नाही. खूप आनंद होतोय. तो तुला लिहिताना लपवत होते, आता लपवत नाही.

आबांचं खाणंपिणं तुला माहीत आहे. सकाळचा चहा बिनसाखरेचा द्या, त्यांनी साखर मागितली तरी. गुडघ्याचं तेल पिशवीत वरच आहे. आरोहीसाठी खाजं पाठवलंय, त्यातलं वाटेत थोडं संपलं असेल, विचारू नकोस.

तेल, पिशवी, खाजं, म्हणजे काय ते तुझ्या लक्षात आलं असेल. या पाकिटावर तिकीट नाही आणि शिक्का नाही. जन्मभर लोकांची पत्रं पोचवली, हे एक मी पोस्टात टाकलं नाही. रविवारी पहाटे आबांना एसटीत बसवताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घालणार आहे. सांगणार आहे, दार उघडलं की आधी हे त्याच्या हातात द्या, आणि त्याचं वाचून होईपर्यंत बोलू नका. पहिलं कोण बोलणार यावर तुम्ही दोघं पुन्हा पाच वर्षं अडून बसला असतात, म्हणून त्यांचं बोलणं मी इथे लिहून पाठवलं.

ते आपलं बोलले आहेत. आता तुझ्या दारात उभे आहेत, तू वाचत होतास एवढा वेळ. गुडघा दुखत असेल, पण म्हटल्याशिवाय बसायचे नाहीत.

पत्र ठेव खाली. “आबा, भितूर येवा,” म्हण.

तुझी ताय,
कावेरी